दम आणि घड्याळ : गिरणगावातून विचारलेला एक प्रश्न

१/
काही खेळ पाहताना हातातला चहा निवून जातो आणि ते ध्यानातही येत नाही. काही खेळ पाहताना मात्र तोच चहा दोनदा होतो. असे का व्हावे? या प्रश्नावर बहुतेक जण ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून मोकळे होतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण आवडीलाही इतिहास असतो. आजचा धागा त्या इतिहासाविषयी आहे : मुंबईच्या, आणि त्यातही समुद्रालगतच्या जिमखान्यांपासून लालबाग-परळच्या चाळींपर्यंतच्या. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रश्न घरातच सुचला. माझे आजोबा एका गिरणीत विणकाम खात्यात होते आणि तरुणपणी लालबागमधल्या आमच्या चाळीच्या संघातून कबड्डी खेळत. २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआय क्रीडागृहात प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला : यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या एका खोलीत शेजारपाजारचे धरून पंधरा माणसे बसली होती आणि प्रत्येक चढाईला ओरडत होती. आजोबा दोन-तीन चढाया गप्प बसले, मग म्हणाले, “ह्यांचा दम ऐकू येत नाही गं.” सगळे हसले. आजोबांना कमी ऐकू येते हे सर्वांना ठाऊक होते.

३/
त्या वाक्याकडे मी पुढे कितीतरी वर्षांनी, पदव्युत्तर वर्गात क्रीडेच्या सामाजिक इतिहासावर वाचू लागले तेव्हा परत वळले. आजोबांचे कान त्या दिवशी ठीक असावेत असे आता वाटते. पण तेथे पोहोचण्याआधी एक सोपे उत्तर बाजूला सारले पाहिजे.

४/
सोपे उत्तर असे : निकाल शेवटपर्यंत अनिश्चित राहिला, की खेळ रंगतो. ऐकायला बिनतोड वाटते. आता ब्रेबॉर्न स्टेडियमवरचा १९४३-४४ च्या हंगामातला एक सामना पाहू. पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना, हिंदू विरुद्ध ‘रेस्ट’.

५/
(ज्यांना ही स्पर्धा नवी आहे त्यांच्यासाठी : मुंबईत १८९२ पासून युरोपीय विरुद्ध पारशी असा वार्षिक सामना होई. १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आला आणि स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिमांचा संघ आल्यावर चौरंगी, आणि १९३७ मध्ये पंचरंगी. पाचवा संघ म्हणजे ‘रेस्ट’, उरलेले सगळे. त्यात प्रामुख्याने ख्रिस्ती खेळाडू. नावेच सांगतात की संघ गावाचे किंवा प्रांताचे नव्हते, धर्माचे होते.)

६/
त्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला. विजय मर्चंट नाबाद २५०. ‘रेस्ट’ १३३ धावांत गुंडाळले गेले आणि पुन्हा फलंदाजीला उतरले. म्हणजे ४४८ धावांनी मागे. निकाल लागल्यातच जमा होता. वरील सिद्धान्त खरा असता, तर लोकांनी डबे उघडून जेवायला बसावे, किंवा चर्चगेटची वाट धरावी.

७/
आणि मग सांगलीचा एक ख्रिस्ती मराठी तरुण खेळत राहिला. विजय हजारे. दुसऱ्या डावातल्या ३८७ पैकी ३०९ धावा त्याच्या एकट्याच्या. भाऊ विवेक हजारे याच्याबरोबरची भागीदारी ३०० धावांची. तीत विवेकच्या धावा २१! याच स्पर्धेत आधी हजारेने मुस्लिम संघाविरुद्ध २४८ केल्या होत्या, त्या मर्चंटने अंतिम सामन्यात दोन धावांनी मागे टाकल्या, आणि आता त्याच सामन्यात हजारे मर्चंटच्या पुढे निघून गेला. सामना हिंदू संघाने एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला.

८/
एक डाव आणि ६१ धावा. कागदावर याहून एकतर्फी काय असेल? तरी मुंबईच्या क्रिकेटच्या आठवणींत हा सामना आजतागायत सांगितला जातो, आणि तो जिंकणाऱ्यांसाठी सांगितला जात नाही. निकालाची अनिश्चितता तेथे नव्हती. होते ते एवढेच : अकरा जणांच्या गराड्यात एक माणूस, आणि पुढच्या चेंडूला तो राहील की जाईल हा प्रश्न. निकाल संपला होता, चेंडू संपले नव्हते. प्रेक्षक सामना पाहत नाही, तो पुढचा क्षण पाहतो.

९/
तरीही एवढ्याने भागत नाही. पुढचा क्षण तर प्रत्येकच खेळात असतो. मग ब्रेबॉर्न भरे कसे? १९३४-३५ पासून रणजी करंडक सुरू झाला होता, खेळाडू पुष्कळदा तेच, दर्जा तोच. पण मुंबईची गर्दी पंचरंगीला होई तशी रणजीला होत नसे. कारण उघड आहे आणि ते अप्रिय आहे. पाहणारा कोठे उभा आहे हे त्या स्पर्धेत आधीच ठरलेले असे. तंबूही वेगळे, जिमखानेही वेगळे. आजही मरीन ड्राइव्हवरून जाताना पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने एका ओळीत दिसतात. गिरगावातून समुद्रावर फिरायला जाणाऱ्या किती जणांना तो इतिहासाचा नकाशा वाटतो, कोण जाणे.

१०/
१९३७ साली पंचरंगी स्पर्धा नव्या कोऱ्या ब्रेबॉर्नवर आली, त्या पहिल्याच वर्षी हिंदू संघ खेळला नाही. भांडण खेळपट्टीचे नव्हते, पंचांचे नव्हते. हिंदू जिमखान्याला स्टेडियममध्ये किती जागा मिळाव्यात याचे होते. प्रेक्षकांच्या खुर्च्यांवरून संघाने माघार घेतली! ‘पाहणे’ ही खेळाची शोभा आहे असे मानणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी.

११/
या चुरशीला उजळ बाजूही होती. १९२३ मध्ये पळवणकर विठ्ठल यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने चौरंगी जिंकली. थोरले बंधू बाळू, त्या काळचे अव्वल डावखुरे फिरकी गोलंदाज. त्यांना जातीमुळे कर्णधारपद कधी मिळाले नाही, ते धाकट्याला मिळाले. त्या सामन्यात दलित प्रेक्षकाचे काय पणाला लागले असेल, ते धावफलकात सापडत नाही. (विठ्ठलांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ मिळाल्यास जरूर वाचा. मराठीतले ते क्रीडा-आत्मचरित्र ग्रंथालयांत धूळ खात पडले आहे.)

१२/
दुसरी बाजूही तितकीच खरी. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ वर्ध्याला गांधीजींना भेटले, तेव्हा त्यांनी धर्मवार संघांच्या सामन्यांविषयी स्पष्ट नापसंती दर्शवली. स्पर्धा तरीही चालू राहिली. लोकांना ती हवी होती. १९४५-४६ च्या हंगामानंतर ती कायमची थांबली. माझे मत असे, की ती थांबली हे योग्यच झाले, आणि तिच्यासारखी गर्दी खेचणारे स्थानिक क्रिकेट मुंबईने त्यानंतर पाहिले नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि त्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

१३/
आता समुद्र सोडून आत वळू. ज्या दशकांत ही स्पर्धा गाजत होती, त्याच दशकांत तेथून काही मैलांवर गिरणगाव वसले होते : लालबाग, परळ, डिलाईल रोड, शिवडी, प्रभादेवी. माणसे कोकणातून आणि देशावरून आलेली. क्रिकेटला लागते ते मोठे मैदान, बॅट, पॅड आणि अख्खा दिवस. तीन पाळ्यांत वाटल्या गेलेल्या माणसाकडे यांतले काहीच नसे. त्याच्याकडे होती ती तालीम आणि चाळीचे पटांगण.

१४/
तालमीतून कुस्ती आली. देशावरच्या माणसाला कुस्ती पाहायची कशी हे शिकवावे लागत नसे. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधवले आणि ते १९१२ मध्ये पुरे झाले. मध्ये हौदा आणि भोवती वर चढत गेलेली गोल बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही पट काढलेला दिसावा. भारतात प्रेक्षकाच्या डोळ्याचा इतका बारकाईने विचार करून बांधलेली खेळाची जागा त्या काळात विरळा.

१५/
पण कुस्तीला एक जुना आजार आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लाव झ्बिश्को यांची कुस्ती झाली. झ्बिश्को गामाच्या ताकदीला ओळखून होता. तो गादीवर पालथा पडून राहिला आणि सुमारे अडीच तास तसाच चिकटून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. जगातले दोन बलाढ्य पुरुष समोरासमोर, आणि प्रेक्षक जांभया देत आहेत! पुढे १९२८ मध्ये पतियाळाला हेच दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने एक मिनिटाच्या आत त्याला चीत केले.

१६/
माणसे तीच, खेळ तोच. एकदा अडीच तासांचा कंटाळा, एकदा मिनिटभराचा थरार. फरक एवढाच की पहिल्या वेळी नियमांनी झ्बिश्कोला धोका टाळू दिला. धोका टाळणे ही खेळाडूच्या दृष्टीने पुष्कळदा शहाणपणाची गोष्ट असते. प्रेक्षकाच्या दृष्टीने ती फसवणूक. हा झगडा लक्षात ठेवला, की कबड्डीच्या नियमांचा सगळा इतिहास उलगडतो.

१७/
कबड्डी, किंवा आपल्याकडचे जुने नाव हुतूतू. विसाव्या शतकाच्या आरंभी ती गावोगाव वेगवेगळ्या नियमांनी खेळली जाई. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा भरवली. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांना घाट दिला. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. सनावळी येथेच थांबवते. खरी गंमत नियमांत आहे.

१८/
हुतूतूचे तीन प्रकार प्रचलित होते. ‘गामिनी’त बाद झालेला गडी बाहेरच राही, समोरचा अख्खा संघ गारद होईपर्यंत. ‘अमर’मध्ये गडी बाद होऊनही मैदानातच राही, फक्त गुण लिहिला जाई. आणि ‘संजीवनी’त समोरचा एक गडी बाद झाला, की आपला एक बाद गडी उठे.

१९/
आता प्रेक्षक म्हणून विचार करा. गामिनीत पहिल्या पाच मिनिटांत संघाचा सर्वांत चपळ गडी गेला, तर ज्याला पाहायला आलो तोच बाहेर उकिडवा बसलेला. अमरमध्ये उलट पंचाईत : गडी मेला तरी मरत नाही, मग पकडीला अर्थ काय? संजीवनीने मधली वाट काढली. बाद होण्याला किंमत आहे, पण ती फेडता येते. आणि गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने उठतात, म्हणजे आधी गेलेला आधी परततो. सातांचे तीन होतात, तिघांचे पाच होतात, पाचांचे पुन्हा दोन. पारडे सतत हलते. आज जगभर खेळली जाते ती हीच संजीवनी. शुक्राचार्यांच्या विद्येचे नाव ज्याने या नियमाला दिले, त्याला खेळही कळत होता आणि प्रेक्षकही.

२०/
शिवाय डोळ्यांची सोय पाहा. पुरुषांचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर. त्यात एक माणूस मध्यरेषा ओलांडून एकटा आत शिरतो, आणि समोर सात. हजारेचीच गोष्ट, पण दर अर्ध्या मिनिटाला नव्याने. पाहुण्याला नियम सांगावे लागत नाहीत : तो एकटा आहे आणि त्याला परत यायचे आहे. हे कळायला शाळा लागत नाही, सामना मध्येच पाहायला आले तरी चालते.

२१/
याउलट खो-खो. वेगाच्या बाबतीत मी खो-खोला कबड्डीहून वरचढ मानते, आणि दादरकर याबाबत माझ्याशी सहमत असतील. डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास त्याला नियमबद्ध केले. पारंपरिक खेळात एक संघ ठरावीक वेळ पाठलाग करतो आणि तेवढा वेळ पळणाऱ्या संघाला गुण मिळवण्याची सोयच नसते. म्हणजे प्रत्युत्तर तत्काळ येत नाही, उधारीवर राहते. प्रेक्षकाला मनात वजाबाकी करत बसावे लागते. २०२२ च्या अल्टिमेट खो-खो लीगने ठरावीक वेळ टिकून राहणाऱ्या तुकडीला गुण देणे सुरू केले, ते नेमके याच दुखण्यावरचे औषध होते.

२२/
आणि मल्लखांब? शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराने तो जपला, २०१९ मध्ये पहिली जागतिक स्पर्धाही शिवाजी पार्कातच झाली. त्याहून देखणे काही मी पाहिलेले नाही. पण मल्लखांब पाहताना आपण थक्क होतो, ‘आता काय होईल’ असे आपल्याला क्वचितच वाटते. खांब उलटून हल्ला करत नाही. कौतुक आणि उत्कंठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उत्कंठा नसलेला खेळ कमी प्रतीचा असतो असे मात्र कोणी समजू नये.

२३/
परत चाळीकडे. चौकोनी पटांगण, तिन्ही-चारही बाजूंनी मजल्यावर मजले, आणि प्रत्येक मजल्याला कठडा असलेली गॅलरी. शाहू महाराजांना जे मुद्दाम बांधावे लागले, ते गिरणगावात भाडेकरूंना फुकट मिळाले. संध्याकाळी दिवे टांगून सामने होत. पुरुष आणि पोरे रेषेला खेटून. बायका वरून, गॅलरीतून. आजी सांगायची, की तिने आजोबांचे सगळे सामने तिसऱ्या मजल्यावरून पाहिले, आणि साखळी कधी बंद होणार हे तिला त्यांच्याआधी दिसायचे. “वरनं सगळं दिसतं. खाली फक्त घाम दिसतो.”

२४/
खाली आणखी एक गोष्ट मिळे : आवाज. चढाईचा मूळ नियम दमाचा. एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत जायचे, दम तुटला की बाद. म्हणजे चढाईची वेळ मोजणारे यंत्र चढाई करणाऱ्याच्या छातीतच होते. रेषेपासून दोन हातांवर बसलेल्याला ते ऐकू येई. शब्द आधी ठणठणीत, मग घाईचा, मग चिरका. गडी कोपऱ्यात अडकला की भोवतीचे प्रेक्षकही श्वास रोखून धरत आणि आपला दम पुरेल का हे नकळत पाहत. आजोबांच्या मते खरा गडी तो, जो दम संपल्याचे सोंग करतो आणि साखळी पुढे सरकली की उरलेल्या श्वासावर निसटतो.

२५/
हे सारे का टिकले, तर त्यामागे पोटही होते. चांगल्या गड्याला गिरणीच्या संघात, पुढे रेल्वेत, पोलिसांत, बँकांत नोकरी लागे. १९५३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कामगार कल्याण मंडळाने स्पर्धा भरवल्या. डिलाईल रोडचा, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावरचा श्रमिक जिमखाना सामन्यांनी गजबजला. एका पकडीवर कोणाची तरी भाकरी ठरत असे आणि ते पाहणाऱ्याला ठाऊक असे, कारण तो गडी वरच्या मजल्यावरच राहत असे. ब्रेबॉर्नवर जे काम धर्माने केले, ते येथे शेजाराने केले.

२६/
१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, माणसे गावी गेली, डोंबिवली-विरारला गेली. मंडळे टिकली, स्पर्धाही टिकल्या, पण रेषेला खेटून बसणारी माणसे पांगली. कबड्डीचा खेळाडू हरवला नाही, प्रेक्षक हरवला.

२७/
इकडे खेळ आशियाभर गेला. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी आली आणि २०१४ पर्यंतची पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताने जिंकली. अभिमान वाटावाच, पण प्रामाणिकपणे सांगा, त्यांतला एकतरी अंतिम सामना तुम्हाला आठवतो का? २०१८ ला जकार्तामध्ये इराणने उपांत्य फेरीत भारताला हरवले, तो मात्र आठवतो.

२८/
आणि मग २०१४ ची लीग. तिने प्रेक्षक परत आणला, मात्र तो आता रेषेपाशी नव्हता. शेकडो मैलांवर, पडद्यासमोर होता. पहिल्या हंगामाचे दर्शक ४३.५ कोटी असल्याचे आकडे प्रसिद्ध झाले. या दूरच्या प्रेक्षकासाठी नियमांची धार बदलली. चढाई ३० सेकंदांत संपली पाहिजे. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवायचाच, नाहीतर बाद. बचावात तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड केली, तर अव्वल पकड, एक गुण जास्त.

२९/
ओळखलेत? झ्बिश्कोला पालथे पडू न देण्याचीच ही व्यवस्था. मध्यरेषेलगत दोन पावले टाकून, कोणाला न शिवता, दम राखून परत येणे हा आघाडी घेतलेल्या संघाचा जुना शहाणपणा होता. तिसऱ्या चढाईने तो मोडीत काढला. अमेरिकन बास्केटबॉलने हेच आधी भोगले आहे : नोव्हेंबर १९५० मध्ये एका व्यावसायिक सामन्यात एक संघ चेंडू धरूनच बसला आणि सामना १९-१८ असा संपला, १९५४ मध्ये २४ सेकंदांचे घड्याळ आले. अव्वल पकडीमागचा विचार तर मला संजीवनीच्या वंशातलाच वाटतो. बुडत्याला काडीचा नव्हे, ओंडक्याचा आधार!

३०/
तेव्हा लीगने खेळ बिघडवला असे म्हणणाऱ्यांत मी नाही. नियमांची दिशा शंभर वर्षे तीच आहे. बदलली ती प्रेक्षकाची जागा. वरचा कॅमेरा साखळी दाखवतो, घड्याळ कोपऱ्यात उलटे पळते, संथ गतीत घोट्याची पकड दिसते. हे सगळे तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून दिसणारे दृश्य आहे. दूरचित्रवाणीने आजीला तिची जागा परत दिली. आजोबांची जागा तिला देता आली नाही. ‘कबड्डी कबड्डी’ म्हणणे नियमात आजही आहे, पण ढोल, निवेदक आणि संगीताच्या गदारोळात ते पडद्यापर्यंत पोहोचत नाही. श्वासाचे काम आकड्याकडे गेले. आकडा सर्वांना दिसतो. श्वास फक्त जवळच्याला ऐकू येतो.

३१/
गेल्या हिवाळ्यात प्रभादेवीच्या क्रीडाभवनात कामगारांच्या स्पर्धेचा एक सामना पाहायला गेले होते. हुतात्मा बाबू गेनू मुंबई गिरणी कामगार क्रीडाभवन हे त्याचे पूर्ण नाव. आसपास गिरणी उरलेली नाही, नावात आहे. पन्नास-साठ माणसे. मी मुद्दाम रेषेजवळ बसले. एका चढाईत उजव्या कोपऱ्याने घोटा धरला, गडी पोटावर पडला, आणि हात मध्यरेषेकडे ताणत असताना त्याच्या तोंडचा शब्द बारीक होत होत शिट्टीसारखा झाला. घड्याळाकडे मी पाहिलेच नाही.

३२/
एक विनंती करून थांबते. विजय हजारेच्या ३०९ धावा छापील धावफलकात कायम आहेत. आजोबांच्या सामन्यांचे गुण खडूने फळ्यावर लिहिले जात आणि रात्रीच पुसले जात. आजोबा २०१९ मध्ये गेले. त्यांच्या संघाचा एक समूहफोटो आमच्याकडे आहे, त्यातल्या अकरापैकी चार जणांची नावे आजीला सांगता आली. तुमच्या घरी लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, डिलाईल रोड येथल्या जुन्या सामन्यांची पत्रके, ढाली, बिल्ले, फोटो असतील, तर त्यांची छायाचित्रे या धाग्याखाली टाका. आणि घरात कोणी खेळलेले असेल, तर आज रात्री जेवताना त्यांना दोन गोष्टी विचारा : दम किती वेळ टिकायचा, आणि गॅलरीत कोण उभे असायचे.